वनस्पति-नमुन्यांची शुद्धी व लेशमूलद्रव्य-विश्लेषण

वनस्पतीच्या वाढीस आवश्यक असूनही ज्यांची गरज दर किलोग्रॅम शुष्क द्रव्यामागे साधारणपणे १०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून पुष्कळच कमी असते, अशा मूलद्रव्यांना लेशमूलद्रव्ये किंवा सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतात. लोखंड, मँगॅनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही आठ मूलद्रव्ये या वर्गात मोडतात. यांपैकी मॉलिब्डेनमाची गरज तर एका किलोग्रॅममागे मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढीच असते. पाने, देठ, धान्य, कंद इत्यादींमधील या मूलद्रव्यांचे प्रमाण ठरविण्यापूर्वी नमुना गोळा करणे, धुणे, वाळविणे, दळणे व त्यातील कार्बनी द्रव्य नष्ट करणे या ज्या क्रिया कराव्या लागतात, त्यांना नमुन्याची पूर्वतयारी म्हणतात. मोजावयाचे द्रव्य अत्यल्प असल्यामुळे बाहेरून आलेला धुळीचा कण, भांड्याचा अंश किंवा धुण्याचे पाणीही निष्कर्ष बदलू शकते. म्हणून या शाखेचा इतिहास हा उपकरणांच्या प्रगतीइतकाच नमुन्याच्या शुद्धीचाही इतिहास आहे.

प्रश्नाचे स्वरूप : हा प्रश्न किती मूलगामी आहे, हे मराठवाड्यातील काळ्या जमिनीवरून चांगले ध्यानात येते. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव हे गाव दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या प्रदेशात आहे. पूर्वी हा भाग परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, ज्वारी व हळद ही या जिल्ह्यातील प्रमुख पिके होत. बेसॉल्टपासून बनलेल्या जमिनीत लोखंड व टिटॅनियम ही मूलद्रव्ये विपुल असतात. परंतु चुनखडीयुक्त व अल्कधर्मी काळ्या जमिनीत लोखंड अविद्राव्य स्वरूपात अडकून पडते आणि पिकास मिळत नाही. पाऊस लांबून जमीन चिबडली म्हणजे सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. पायाखाली लोखंडाचे भांडार आणि पिकात लोखंडाची उपासमार, अशी ही विसंगत परिस्थिती असते.

अशा शेतातील पान न धुता तपासले, तर काय होईल हे साध्या हिशेबाने दाखविता येते. मातीत लोखंडाचे प्रमाण ७ टक्के, म्हणजे दर किलोग्रॅमला ७०,००० मिलिग्रॅम, धरले आणि १ किलोग्रॅम शुष्क पानांबरोबर केवळ १ ग्रॅम माती आली, तरी तीमुळे ७० मिलिग्रॅम लोखंड वाढते. पानाच्या स्वतःच्या ऊतकांत (समान कार्य करणाऱ्या पेशीसमूहांत) ४० मिलिग्रॅम लोखंड असेल, तर विश्लेषणात ११० मिलिग्रॅम आढळेल. बहुतेक पिकांत ५० मिलिग्रॅमच्या आसपासची पातळी ही न्यूनतेची सीमा मानली जाते. म्हणजे उपाशी पीक कागदावर तृप्त ठरेल आणि शेतकऱ्यास उपाययोजनेची गरज नाही असा चुकीचा सल्ला मिळेल. याच मातीत जस्त दर किलोग्रॅमला ८० मिलिग्रॅम धरले, तर तेवढ्याच धुळीने पानातील जस्तात केवळ ०·०८ मिलिग्रॅमची भर पडेल व २० मिलिग्रॅमच्या मूळ प्रमाणापुढे ती नगण्य ठरेल. तात्पर्य, धुळीचा दोष सर्व मूलद्रव्यांना सारखा लागत नाही. जमिनीत जे विपुल आणि वनस्पतीत जे अल्प, त्याच्या बाबतीत तो सर्वांत घातक असतो. जस्ताला खरा धोका असतो तो जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचा व रबरी वस्तूंचा. बोरॉनाला बोरोसिलिकेट काचेचा. आणि तांब्याला पितळी भांड्याचा किंवा पानांवर राहिलेल्या बोर्डो मिश्रणाचा.

इतिहास : वनस्पतीत सापडलेले खनिज द्रव्य कोठून आले, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच उपस्थित झाला होता. बर्लिन येथील अकादमीने त्यासाठी पारितोषिक ठेवले होते व १८०० मध्ये ते श्रेडर यांना मिळाले. त्यांनी गंधकाच्या चूर्णात तृणधान्यांचे बी रुजविले. उगवलेल्या रोपांच्या राखेत मूळ बियांपेक्षा अधिक खनिज द्रव्य आढळल्यामुळे वनस्पती आपल्या जीवनशक्तीने खनिजे निर्माण करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८०४ मध्ये निकोला तेओदोर द सोस्यूर यांनी अनेक वनस्पतींच्या राखेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. राखेचे घटक जमीन, वनस्पतीचा भाग व वय यांनुसार बदलतात, हे त्यांनी दाखविले. तथापि श्रेडर यांच्या निष्कर्षाचे निर्णायक खंडन १८४२ मध्ये वीगमान व पोलस्टॉर्फ यांच्या प्रयोगाने झाले. त्यांनी प्लॅटिनमाच्या मुशीत प्लॅटिनमाच्या तारेचे बारीक तुकडे भरून त्यांत अळीवाचे बी पेरले, त्यास ऊर्ध्वपातित पाणी दिले आणि सर्व मांडणी काचेच्या हंडीखाली झाकून ठेवली. या रोपांची राख बियांच्या राखेएवढीच भरली. नव्या खनिजाची निर्मिती झाली नव्हती. पूर्वीच्या प्रयोगात ते बाहेरून आले होते. वनस्पति-विश्लेषणातील बाह्य अशुद्धीचा हा पहिला मोठा धडा होय.

यूस्टुस फोन लीबिक यांच्या १८४० मधील ग्रंथानंतर खनिज पोषणाचा सिद्धांत रूढ झाला व राखेच्या विश्लेषणास मोठी चालना मिळाली. १८४३–४४ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या पानांना लोखंडाचे लवण देऊन ती पुन्हा हिरवी करून दाखविली. १८६० मध्ये यूलिउस झाक्स व त्याच सुमारास विल्हेल्म क्नोप यांनी मातीऐवजी लवणांच्या विद्रावात वनस्पती वाढविण्याची पद्धत रूढ केली. तीवरून दहा मूलद्रव्ये वनस्पतीस पुरेशी आहेत असा समज दृढ झाला. हा समज सुमारे अर्धशतक टिकला, याचे कारण अशुद्धी हेच होते. प्रयोगांत वापरलेल्या लवणांत जस्त, तांबे व मँगॅनीज यांचे लेश होते, काचेतून बोरॉन झिरपत होते आणि बियांतही साठा होता. वनस्पतीला जे हवे होते ते प्रयोगकर्त्याच्या नकळत मिळत होते. १८६९ मध्ये रोलँ यांनी काळ्या बुरशीच्या वाढीस जस्त उपकारक असल्याचे दाखविले. परंतु उच्च वनस्पतींबाबत खात्री पटण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे कॅथरिन वॉरिंग्टन यांनी १९२३ मध्ये बोरॉनाची, तर अमेरिकेत सॉमर व लिपमन यांनी १९२६ मध्ये जस्त व बोरॉन यांची आवश्यकता दाखविली. १९३९ मध्ये आर्नन व स्टाउट यांनी लवणे व पाणी विशेष रीतीने शुद्ध करून टोमॅटोच्या झाडाला मॉलिब्डेनमाची गरज असल्याचे सिद्ध केले. क्लोरीन हे मूलद्रव्य तर हवेतून व हाताच्या घामातूनही प्रयोगात शिरू शकते. त्याची आवश्यकता १९५४ पर्यंत निश्चित झाली नाही. निकेलाच्या बाबतीत बियांतील साठा संपविण्यासाठी सातूच्या सलग पिढ्या निकेलरहित माध्यमात वाढवाव्या लागल्या व १९८७ मध्ये त्याची आवश्यकता प्रस्थापित झाली. शुद्धीकरणाचे तंत्र जसजसे सुधारत गेले, तसतशी आवश्यक मूलद्रव्यांची यादी वाढत गेली.

मापनपद्धतींचा विकास : आरंभीच्या तोलमापन पद्धतींनी लेशमूलद्रव्ये मोजणे शक्य नव्हते. १९२५ मध्ये हेलमूट फिशर यांनी डायथायझोन हा विक्रियाकारक विश्लेषणात आणला व त्यामुळे जस्त, तांबे, शिसे यांचे वर्णमापन (रंगाच्या तीव्रतेवरून प्रमाण ठरविणे) शक्य झाले. ऑस्ट्रेलियातील सी. एस. पायपर यांचा मृदा व वनस्पती यांच्या विश्लेषणावरील १९४२ चा ग्रंथ भारतातील कृषी महाविद्यालयांतही दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. १९५५ मध्ये ॲलन वॉल्श यांनी आणवीय शोषण वर्णपटमापनाचे तत्त्व मांडले व पुढील दशकात त्यावर आधारलेली उपकरणे प्रचारात आली. त्यानंतर प्रवर्तित आयनद्रायू (प्लाझ्मा) वापरणारी उपकरणे आली व एकाच विद्रावातील अनेक मूलद्रव्ये एकाच वेळी मोजता येऊ लागली.

उपकरणांची संवेदनशीलता वाढली तशी नमुन्यातील दोषांची जाणीवही तीव्र झाली. उपकरण विद्रावातील लोखंड मोजते. ते पानातील की पानावरील, हे त्यास कळत नाही. १९५९ मध्ये गॉर्सुच यांनी किरणोत्सर्गी मूलद्रव्ये खुणेसाठी वापरून राख करण्याच्या व अम्लात पचविण्याच्या पद्धतींची कसोटी घेतली. काही मूलद्रव्ये तापविताना बाष्परूपाने निसटतात, तर काही मुशीच्या सिलिकेला चिकटून बसतात, असे त्यांस आढळले. इंग्लंडमध्ये बोवेन यांनी केल नावाच्या कोबीवर्गीय भाजीचे एकजीव चूर्ण तयार करून अनेक प्रयोगशाळांकडे पाठविले व त्यांचे निष्कर्ष १९६७ मध्ये तुलनेसाठी प्रसिद्ध केले. एकाच चूर्णाबाबत निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या आकड्यांत पडणारी तफावत त्यामुळे उघड झाली. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या संस्थेने १९७१ मध्ये फळबागेतील पानांचे प्रमाणित चूर्ण उपलब्ध केले. अशा चूर्णाने प्रयोगशाळेतील क्रियांची परीक्षा होते. मात्र शेतातून येताना नमुन्यास लागलेल्या दोषाची परीक्षा होत नाही.

नमुना घेणे व धुणे : प्रत्येक पिकासाठी पानाचे स्थान व पिकाची अवस्था ठरलेली असते. सोयाबीनमध्ये फुलोऱ्याच्या आरंभी शेंड्याकडील पूर्ण वाढलेले अलीकडचे पान घेतात. द्राक्षामध्ये पानाचे पाते न घेता देठ तपासतात. रस्त्याकाठची, रोगट किंवा किडीने खाल्लेली झाडे टाळतात. हिराकस, झिंक सल्फेट किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारल्यानंतर घेतलेला नमुना त्या त्या मूलद्रव्यासाठी निरुपयोगी असतो, कारण पृष्ठभागात मुरलेले द्रव्य धुण्याने पूर्णपणे निघत नाही. खरीप हंगामात पावसाच्या थेंबांनी उडालेली चिकण काळी माती सोयाबीनच्या खालच्या लवयुक्त पानांना घट्ट चिकटते. म्हणून मातीने माखलेली पाने धूत बसण्यापेक्षा ती मुळातच न घेणे श्रेयस्कर असते.

धुण्याची क्रिया पान ताजे असतानाच करावी लागते. सुकलेल्या पानाच्या पेशींची आवरणे दुबळी झालेली असल्यामुळे धुताना आतील विद्राव्य द्रव्येही निघून जातात. भारतातील प्रयोगशाळांत रूढ असलेल्या क्रमात पाने प्रथम साध्या पाण्याने, नंतर सुमारे ०·१ ते ०·२ टक्के प्रक्षालकाच्या विद्रावाने, मग अतिविरल हायड्रोक्लोरिक अम्लाने व शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात. प्रक्षालक मेणचट पृष्ठावरील धूळ सोडवितो, अम्ल तिचा चिकटलेला अंश काढते आणि ऊर्ध्वपातित पाणी या दोहोंचे अवशेष दूर करते. विहिरीच्या जड पाण्याने शेवटचे धुणे केल्यास चुना व इतर लवणे पानावर वाळतात. प्रक्षालकात फॉस्फेट किंवा बोरॉनाची संयुगे असल्यास त्या मूलद्रव्यांच्या विश्लेषणासाठी तो वर्ज्य होय.

धुणे अति झाल्यासही हानी होते. पोटॅशियम व क्लोरीन सहज झिरपून जातात. बोरॉन व मँगॅनीज यांचाही काही अंश जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक टप्पा काही सेकंदांत उरकतात. घाणीमुळे आकडा फुगतो व अतिशुद्धीमुळे तो खंगतो. या दोन चुकांमधील मार्ग काढणे हीच या तंत्रातील मुख्य अडचण होय. धुणे पुरेसे झाले की नाही हे पाहण्यासाठी टिटॅनियम किंवा ॲल्युमिनियम यांचा साक्षीदार म्हणून उपयोग होतो. वनस्पती टिटॅनियम फारच थोडे शोषतात, पण बेसॉल्टजन्य मातीत ते विपुल असते. त्यामुळे पानाच्या विश्लेषणात टिटॅनियमाबरोबर लोखंडही वाढलेले दिसले, तर ते लोखंड मातीचे असे समजावे. दख्खनच्या काळ्या जमिनींसाठी ही कसोटी विशेष सोयीची आहे.

वाळविणे, दळणे व पचन : धुतलेली पाने गाळण-कागदाने टिपून ६५° ते ७०° से. तापमानास धूळरहित शोषक-भट्टीत वाळवितात. दळण्यासाठी लोखंडी खलबत्ता वापरीत नाहीत. अगंज पोलादाच्या चक्कीतूनही लोखंड, क्रोमियम व निकेल यांचे लेश येऊ शकतात. म्हणून फार सूक्ष्म कामासाठी अकीकाचा खल वापरतात. चूर्ण पॉलिएथिलिनाच्या डब्यांत ठेवतात. कार्बनी द्रव्य नष्ट करण्यासाठी ते सुमारे ५००° से. तापमानास जाळून राख करतात किंवा नायट्रिक व परक्लोरिक अम्लांच्या मिश्रणात पचवितात. परक्लोरिक अम्ल तप्त कार्बनी द्रव्याशी स्फोटक रीतीने विक्रिया करते. म्हणून चूर्ण प्रथम नायट्रिक अम्लात भिजवून ठेवणे आवश्यक असते. बोरॉन आम्ल पचनात उडून जाऊ शकत असल्यामुळे त्यासाठी राखेची पद्धत पसंत करतात. प्रत्येक वेळी नमुन्याविना हीच सर्व कृती करून अम्ले, पाणी व भांडी यांतून येणारे प्रमाण वेगळे काढतात. यास कोरे परीक्षण म्हणतात.

भारतातील कार्य : उत्तर प्रदेशाच्या तराई भागातील भाताचा खैरा रोग जस्ताच्या न्यूनतेमुळे होतो, असे वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखविले व लेशमूलद्रव्यांकडे देशाचे लक्ष वेधले गेले. १९६७ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सूक्ष्म अन्नद्रव्यांविषयीची अखिल भारतीय समन्वित योजना सुरू केली. मराठवाड्यात परभणी येथे १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय व १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

लोखंडाच्या बाबतीत मात्र उत्तम धुतलेल्या पानानेही कोडे पूर्णपणे सुटत नाही. पिवळ्या पानातील एकूण लोखंड पुष्कळदा हिरव्या पानाइतकेच, क्वचित त्याहून अधिकही भरते. ऊतकांत ते असते, पण हरितद्रव्याच्या निर्मितीस उपयोगी पडेल अशा स्वरूपात नसते. १९३३ मध्ये ओसर्कोव्स्की यांनी विरल अम्लात उतरणाऱ्या ‘क्रियाशील’ लोखंडाचा हरितद्रव्याशी संबंध दाखविला होता. भारतात कत्याल व शर्मा यांनी १९८० मध्ये ताज्या पानांचे तुकडे ऑर्थोफेनँथ्रोलिनाच्या विद्रावात ठेवून त्यांतील फेरस लोखंड नारिंगी रंगावरून मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत पान न वाळविता वापरावे लागते. पूर्वतयारीचा अर्थच येथे पालटतो : वाळविणे ही एरवी आवश्यक क्रियाच येथे दोष ठरते.

उपयोग व मर्यादा : शुद्धी कितपत करावी हे हेतूवर अवलंबून असते. पिकाच्या पोषणाची परीक्षा करावयाची असेल, तर बाहेरची माती काढलीच पाहिजे. परंतु जनावराच्या पोटात किती लोखंड किंवा तांबे जाते हे पाहावयाचे असेल, तर कडबा न धुताच तपासणे योग्य, कारण जनावर तो धुळीसकट खाते. हळदीचेही तसेच आहे. शेतातून काढलेल्या कंदाच्या पेरांत माती बसलेली असते. पुढे तो शिजविताना, जमिनीवर वाळविताना व पिंपात पॉलिश करताना त्याचा निरनिराळ्या धातूंशी व धुळीशी संपर्क येतो. पिकाने शोषलेले मूलद्रव्य जाणण्यासाठी ताजा कंद धुऊन व सोलून घ्यावा लागतो. ग्राहकाच्या आहारात जाणारे मूलद्रव्य जाणण्यासाठी बाजारातील हळकुंड आहे तसेच घ्यावे लागते. एका हेतूसाठी मिळालेला आकडा दुसऱ्यासाठी वापरल्यास दिशाभूल होते.

२०१५ पासून देशात राबविण्यात येत असलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत जस्त, लोखंड, तांबे, मँगॅनीज व बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्यांची मृदा-तपासणी समाविष्ट आहे. मृदा-परीक्षेने जमिनीत उपलब्ध असलेला साठा कळतो; त्यांपैकी पिकाच्या ऊतकांत प्रत्यक्षात काय पोचले, हे पानच सांगू शकते. गोरेगावसारख्या लोहसमृद्ध, परंतु चुनखडीयुक्त जमिनीच्या प्रदेशात या दोन्ही परीक्षा परस्परपूरक ठरतात. मात्र पानाची साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी ते केव्हा तोडले, त्यावर काय फवारले होते, ते कोणत्या भांड्यात व कोणत्या पाण्याने धुतले आणि ताजे की वाळल्यावर धुतले, याची नोंद नमुन्याबरोबर असणे आवश्यक असते. अशा नोंदीअभावी अत्यंत अचूक उपकरणाने दिलेला आकडाही पिकाचा की धुळीचा, हे ठरविता येत नाही.